पळसाचा पुतळा

दिनकर निकमांना जर्मनीतलं काहीच आवडलं नव्हतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. चहा पाणचट, पाव दगडासारखा, कचऱ्याला चार डबे, आणि एवढी शिस्त असून गाड्या उशिराच. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. साताऱ्यात पस्तीस वर्षं गणित शिकवलेला. लेक नंदिनी कोलोनला राहून वीस वर्षं झाली. तिनं दरवर्षी बोलवावं आणि यांनी दरवर्षी गुडघ्यांचं निमित्त सांगावं, असंच चाललेलं. यंदा मात्र ऐन भाद्रपदात ते आपण होऊन आले, कारण एक कागद सापडला होता.

नंदिनीनं जर्मन सरकारच्या अर्काइव्हला दीड वर्षापूर्वी अर्ज केला होता. तिकडून एका नोंदणीकार्डाची प्रत आली. प्रत्येक माणसानं राहता पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा, ही इथली जुनी रीत. कार्डावर टाइप केलेलं होतं : श्रीपती निकम. जन्म १९१७, सातारा. राहणार ब्राउनश्वाइग. काम, रेडिओ दुरुस्ती. विवाहित. मुलं एक, मुलगा. मृत्यू मार्च १९७९.

तो मुलगा म्हणजे दिनकर. आणि बाप लढाईतच गेला असं धरून त्यांनी चार वर्षांचे असल्यापासून त्याचं श्राद्ध घातलं होतं.

मार्च एकोणऐंशीत दिनकरराव बोर्डाचे पेपर तपासत होते, हे त्यांना नीट आठवत होतं. त्यांचा बाप तेव्हा या देशात, एका खोलीत, शेवटचे दिवस मोजत होता. मेला नव्हता तर आला का नाही? बायको होती, पोर होतं, म्हातारा बाप होता. घरी यायला माणसाला आणखी काय लागतं? एवढा एकच प्रश्न घेऊन दिनकरराव ब्राउनश्वाइगच्या गाडीत बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत साताऱ्याहून आणलेलं हुलग्याचं पीठ. आई म्हणायची, ह्यांना हुलग्याचं माडगं फार आवडायचं. थडग्यापाशी तेवढा नैवेद्य दाखवावा, असा त्यांचा बेत होता.

समोर नात उर्जा बसली होती. एकोणीस वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजोबांना हे मुळीच पटत नसे. आज तिला दुभाषी म्हणून आणलं होतं, कारण स्वतःच्या ऑफिसपुरत्या जर्मनवर भिस्त ठेवायला नंदिनी तयार नव्हती.

"बाबा, एक सांगायचंय," नंदिनी म्हणाली. "कबर आता नाहीये. इथे कबरीची मुदत असते, पंचवीस वर्षं. मग ती काढून जागा दुसऱ्याला देतात. मला कालच फ्रीडहोफच्या, म्हणजे दफनभूमीच्या, ऑफिसनं कळवलं."

 दिनकरराव म्हणाले, "मेल्यावरसुद्धा भाडेकरूच का इथे?"

"पण ते ज्यांच्या घरी राहायचे त्यांची मुलगी आहे. फ्राऊ बेरेन्स. सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे एक पेटी आहे म्हणाल्या."

दिनकररावांनी पिशवी पोटाशी घेतली. पुढं हानोवरपर्यंत ते काही बोलले नाहीत. गाडी बदलायची वेळ आली तेव्हा ती पंचवीस मिनिटं उशिरा होती, त्यावरही नाहीत. तेव्हा मात्र नंदिनीला काळजी वाटली.

आता निकमांच्या घरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गाव साताऱ्याजवळचं, घरटी एक फौजी असलेलं. श्रीपतीचे वडील, अण्णा सुभेदार, पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. दुसऱ्या लढाईत श्रीपती पलटणीबरोबर आफ्रिकेला गेला. दिनकर तेव्हा आईच्या पोटात होता. बेचाळीसला तोब्रुक पडलं आणि श्रीपती कैदी झाला. आधी इटली, मग जर्मनी. तिथं हिंदी कैद्यांना विचारणा झाली, इंग्रजाविरुद्ध लढणार का. काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही. श्रीपतीनं हो म्हटलं. हुशार म्हणून त्याला वायरलेस शिकवली आणि हेर केला.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात इटलीच्या डोंगरात जर्मनांनी त्याला जुनाच खाकी गणवेश चढवून लढाईच्या रेषेपलीकडे सोडला. काम सोपं : मराठा पलटणीत मिसळायचं, तोफा मोजायच्या, परत यायचं. तो पलटणीच्या लंगरात जेवायला जाऊन बसला, तर शेजारी गावचाच दत्ता साळुंखे. दत्तानं ओळखलं आणि ओरडला नाही. ओरडला असता तर श्रीपतीला तिथंच गोळी घातली असती. दोघांनी एका पंगतीत खिचडी खाल्ली. श्रीपतीनं निरोप दिला : घरी सांग, मी जिवंत आहे, सुटलो की येतो.

पंचेचाळीसच्या श्रावणात दत्ता रजेवर आला. त्यानं तो निरोप अण्णा सुभेदारांच्या कानात सांगितला, फक्त त्यांच्या. मागोमाग पोलीस आले, एकदा नाही, तीनदा. श्रीपती निकम कुठाय, पत्र येतं का, कोण येतं-जातं. कुसुमला, म्हणजे दिनकरच्या आईला, अंगणात उभी करून विचारलं. सुभेदारांनी ओळखलं की जिवंत मुलाला हे लोक सोडणार नाहीत. घरी आला की दाराशीच धरतील आणि फासावर देतील. म्हणून त्यांनी ठरवलं, त्याला आपणच मारायचा.

कुसुमला त्यांनी रात्री चुलीपाशी सांगितलं, "मेलेल्याला कोणी शोधत नाही. थोडे दिवस मरू दे त्याला. सरकार बदललं की उठवू."

मग गावात दवंडी पिटल्यासारखी बातमी केली, श्रीपती इटलीत पडला. देह हाती नसला की पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात, तसा पुतळा केला. भाद्रपद वद्य अष्टमी होती. चार वर्षांच्या दिनकरच्या बोटात दर्भाची अंगठी घातली, आजोबांनी मनगट धरलं आणि पिंड द्यायला लावला. दहाव्याला कावळा काही शिवेना. गाव हळहळलं आणि सुभेदार मात्र आतल्या आत सुखावले. पोलीस नंतर फिरकले नाहीत. बेत तडीस गेला होता.

बेत तडीस गेला, पण माणूस आला नाही. सत्तेचाळीस आलं, साहेब गेला, लाल किल्ल्यातले खटले मिटले. श्रीपती आला नाही. पन्नास साल गेलं, साठ गेलं. हळूहळू सुभेदारांच्या मनानं घेतलं की आपण लटकं श्राद्ध घातलं आणि यमानं ते खरं धरलं. अडुसष्टला जाताना त्यांनी दिनकररावांना जवळ बोलवून हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "पोरा, तुझा बाप मी मारला." हे ओझं घेऊन ते गेले.

कुसुमचं तर बोलायलाच नको. रोज पहाटे ती आरशापुढं बसून कुंकू लावायची, पदरानं पुसायची आणि मग दार उघडायची. दिनकरनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. ती एक्क्याण्णवला वारली, त्या दिवशी कपाळ पुसायचं राहून गेलं होतं म्हणून शेजारणी कुजबुजल्या.

आणि दरवर्षी वद्य अष्टमीला श्राद्ध. आधी लटकं म्हणून, मग खरं म्हणून. पण कधीच न चुकता.

फ्राऊ बेरेन्सचं घर जुन्या भागात होतं. खाली एकेकाळी रेडिओचं दुकान होतं, आता तिथं सायकली विकतात. बाई काठी टेकत दाराशी आल्या, दिनकररावांकडे एकटक पाहिलं आणि काहीतरी पुटपुटल्या.

उर्जानं आईकडे पाहिलं. मग घसा साफ करून, चक्क मराठीत म्हणाली, "ती म्हणते... तुमचं कान. कान सेम आहेत. हेर निकमसारखे. म्हणजे मिस्टर निकम."

दिनकररावांचा हात नकळत कानाकडे गेला. त्यांच्याकडे बापाचा फोटो नव्हता. पोलिसांच्या भीतीनं सुभेदारांनी सगळे जाळले होते. आपले कान बापाचे आहेत हे त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळलं.

कॉफी आली, प्लमचा केक आला. बाई सांगत होत्या आणि उर्जा जमेल तसं मराठीत ओढत होती. बेरेन्सबाईंचे वडील वायरलेस शिकवायचे. श्रीपती त्यांचा विद्यार्थी. इटलीतून परत आला तेव्हा त्यानं तोफांचा जो नकाशा काढून दिला तो सगळा खोटा होता. हे मास्तरांनी ओळखलं आणि वर कळवलं नाही. लढाई संपली तेव्हा इथं इंग्रजच आले, तर मास्तरांनी त्याला माळ्यावर दोन वर्षं लपवला.

"म्हणजे पलटणीचा एक माणूस त्यांनी मारवला नाही," दिनकरराव म्हणाले. गावानं आयुष्यभर त्यांना फितुराचा पोर म्हटलं होतं. पण आज त्यांना ते उत्तर नको होतं, दुसरं हवं होतं. "विचार तिला, ते घरी का नाही आले?"

बाईंनी उत्तर न देता पेटी पुढं केली. पत्र्याची, बिस्किटांची. आत एक चिमटा, एक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक पत्र. पाकिटावर दुकानाचा पत्ता इंग्रजीत, हिंदुस्थानचं तिकीट, साल सत्तेचाळीस. पत्र मराठीत होतं. जवळजवळ ऐंशी वर्षांत हे पत्र वाचू शकणारा एकच माणूस या घरात होता आणि तो मरून सेहेचाळीस वर्षं झाली होती.

दिनकररावांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, वर्गात वाचायचे तसं.

"नानास दत्ता साळुंखेचा रामराम. लंगरात तू पत्ता पाठ करायला लावलास त्यावर लिवतोय. तू सांगितलंस तसं हा पत्ता मी कुणालाच सांगितला नाही, सुभेदारांनाबी नाही. तुझा निरोप त्यांच्या कानात घातला. त्यांनी मान हलवली, मला पाणी दिलं. आन् पुढं वद्य अष्टमीला पळसाचा पुतळा करून तुला जाळला. तू जिता हाईस हे ठावं असून. दिनूच्या बोटात दर्भ घालून त्याच्या हातनं पिंड दिला. वहिनीचं कुंकू पुसलं. मी इचारलं, अण्णा, ह्ये काय? तर म्हनले, दत्ता, आमचा श्रीपती मेला, तू जेवून जा. मी जेवलो नाही. आता राज्य आपलं झालं, पुन्यांदा इचारलं, तरीबी त्येच म्हनले. नाना, तू मीठ खाल्लेलं सोडून पल्याड गेलास, ते म्हाताऱ्याला सोसलं नाही. त्यांनी तुला जिता काढून टाकला. तू येऊ नको. उंबऱ्याबाहेर उभा केला तर तुला सोसायचं नाही."

शेवटची ओळ वाचून त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं.

"वारूम? का?" उर्जानं आईला विचारलं. "जिवंत होते ना? मग ते असं का करतील?"

"तुझ्या खापरपणजोबांनी पोलिसांना फसवायला केलं होतं," नंदिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण आपल्याकडे जिवंत माणसाचं श्राद्ध घालणं म्हणजे त्याचं नाव टाकणं. तू आमचा नाहीस, असं. पणजोबांनी तोच अर्थ घेतला. कोणीही घेतला असता."

"पण कोणीतरी सांगायचं ना त्यांना. हा दत्ता, त्याला सांगायचं."

"दत्ताच्या मागावरून पोलीस आले, असा अण्णांना संशय होता," दिनकरराव सावकाश म्हणाले. "मुलगा स्वतः दारात उभा राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि दत्तानं पत्ता सांगितला नाही, कारण त्याला तसं बजावलं होतं. पुढच्याच वर्षी तो काश्मीरात पडला. मग सांगणारा कोण राहिला?"

 गणिताचा माणूस, कुठली पायरी चुकली हे शोधत राहिला. एकही चुकली नव्हती. सुभेदारांनी गुपित राखलं, दत्तानं राखलं, कुसुमनं तर कपाळावर वागवलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि त्यातच एक माणूस घराला मुकला.

आणि त्यांना आणखी एक हिशेब सुचला, नको असताना. पंचेचाळीस ते एकोणऐंशी. चौतीस वर्षं आई सवाष्ण होती आणि पांढरं कपाळ घेऊन गावात हिंडत होती. पुढची बारा वर्षं ती खरोखरीची विधवा होती आणि रोज पहाटे कुंकू लावत होती. आणि चौतीस वर्षं आपण स्वतः, आंघोळ करून, मनोभावे, जिवंत बापाला पिंड देत होतो. पहिला दिला तेव्हा त्या पिंडाची चव कशी असते म्हणून आपण बोट चाटलं होतं आणि आजोबांनी हातावर चापट मारली होती.

"माझ्या हातानं झालं," ते म्हणाले आणि रडू लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा, तोंड न झाकता रडत होता. नंदिनीनं बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती नुसती पाठीवर हात ठेवून बसली.

फ्राऊ बेरेन्सनी उर्जाला विचारलं, काय लिहिलंय. उर्जानं जर्मनमध्ये सगळं सांगितलं. चांगला वेळ लागला. म्हातारी ऐकत होती. मग तिनं कप खाली ठेवला.

"आल्झो, असं होय," ती म्हणाली. "म्हणून तो दिवस."

"कुठला दिवस?" नंदिनीनं विचारलं.

बाई बोलू लागल्या आणि उर्जा एकेक वाक्य मराठीत आणू लागली. आता ती अडखळत होती ती भाषेमुळे नाही.

"ती म्हणते, दरवर्षी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबर सुरू झाल्यावर, ते रात्री चंद्र बघायचे. फुल मून झाला की दिवस मोजायचे. आठ. लहानपणी तिला वाटायचं, रेडिओचं काही काम असेल. आठव्या दिवशी ते दुकान बंद ठेवायचे. आंघोळ करायचे. मग या टेबलावर, तिथे, खिडकीकडे, रिकामी प्लेट घेऊन बसायचे. रिकामी. आणि जेवायचे."

"रिकामं ताट?" दिनकरराव म्हणाले.

"हो. हातानं. असं. खरंच असल्यासारखं. तिनं एकदा विचारलं, काय खाता? तर ते म्हणाले, आज माझ्या मुलानं जेवण पाठवलंय. दरवर्षी पाठवतो, विसरत नाही. तिनं विचारलं, काय पाठवलंय? तर म्हणाले..." उर्जा थांबली. "आजोबा, हा शब्द मला माहीत नाही."

फ्राऊ बेरेन्स पुढं झुकल्या. ऐंशी वर्षं जर्मन बोललेल्या तोंडानं त्यांनी तो शब्द जपून, तुकड्यातुकड्यानं उच्चारला.

"माड-गं."

दिनकररावांनी पिशवीवर हात ठेवला.

मग बाईंनी एवढंच सांगितलं की तुम्ही घरी पत्र का लिहीत नाही, असं वडील नेहमी विचारायचे. हेर निकम म्हणायचे, तिथं मी मेलोय. मेलेल्यानं पत्र लिहिलं तर मुलगा घाबरेल आणि जेवण पाठवायचं बंद करेल.

तिघांनी हॉटेलात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. दिनकररावांनी मुद्दाम तेच दिवस धरून तिकीट काढलं होतं. सकाळी दहाला ते पुन्हा फ्राऊ बेरेन्सच्या स्वयंपाकघरात होते, बाह्या सरसावून. नंदिनीला त्यांनी शेगडीजवळ येऊ दिलं नाही. आयुष्यभर आईनं आणि मग बायकोनं केलेलं माडगं त्यांनी पहिल्यांदा स्वतः केलं. दोन गुठळ्या राहिल्या.

नंदिनीनं ताट घेतलं. "बाबा, भस्म नाहीये. रेष कशाची काढू?" श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत, एवढं तिच्या लक्षात होतं.

"रांगोळी काढ," दिनकरराव म्हणाले.

"आज?"

"आज. आणि मीठ वाढ पानात, डाव्या हाताला. पाटही नीट मांड, माणूस जेवायला बसायचाय. चौतीस वर्षं जिवंत माणसाला मेलेल्याचं पान वाढलं मी. आज एकदा तरी नीट वाढू दे."

पाट नव्हता, खुर्चीच होती, खिडकीकडची. रांगोळीही नव्हती, उर्जानं तांदळाच्या पिठानं टेबलावर ताटाभोवती एक वेडीवाकडी वेल काढली. तिला ती कोणी शिकवली नव्हती, यूट्यूबवर पाहिली होती. माडग्याची वाफ वर जात होती. फ्राऊ बेरेन्स काठीवर हात ठेवून कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीकडची ती खुर्ची ओढून थोडी मागं केली, कोणी बसणार असलं की करतात तशी.

आता हाक मारायची होती. दिनकरराव उभे राहिले आणि अडकले. बापाला हाक मारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आई म्हणायची 'हे', अण्णा म्हणायचे 'श्रीपती', श्राद्धाच्या संकल्पात नुसतं 'पितुः'. आबा, दादा, बाबा, यातलं काहीच त्यांचं नव्हतं. शेवटी दत्ताच्या पत्रातलं एक नाव त्यांनी उसनं घेतलं.

ते दारापाशी गेले, दार उघडलं आणि जिन्याकडे तोंड करून, घरात कोणी हातपाय धुवायला रेंगाळलं असलं की मारतात तशी हाक मारली.

"नाना, पान वाढलंय. या घरी."